मागं राहिलं की बसून घ्यायचं

आमच्या कॉलनीच्या मागं पाण्याची टाकी आहे. टाकीच्या पलीकडं डांबर संपतं आणि माळ लागतो. तिथून गाडीवाटेनं निघालं की मोठ्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांत ओढा येतो, बारकी पोरं बरोबर असली तर पाऊण तास धरा. वाटेत चढ म्हणावा असा एकच, तोही तीन वर्षांचं पोर न रडता चढेल इतका. सोलापुरात मुलांना घेऊन कुठं फिरायला जावं असं कुणाला विचारा, लोक तळं सांगतील, किल्ला सांगतील, बाग सांगतील. ही वाट कुणी सांगणार नाही. ती आमच्या घरात माझ्या सासऱ्यांनी शोधली आणि मी बंद केली.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा सांगोल्याकडचे, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. सासूबाई गेल्या, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना मेंढरं विकायला लावली आणि इकडं आणलं. नवरा चिंचोळी एमआयडीसीत शिफ्टला. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. पहिले पंधरा दिवस मामा ओट्यावर बसून रस्ता बघायचे. इथं माणसं चालतात कुठं, सगळी गाडीवरच, असं दिवसातून दोनदा म्हणायचे. मला त्याचाही राग यायचा. राग माझ्या नाकावरच असतो, माहेरी विचारा कुणालाही.

मी शाळेचे गणवेश शिवते. नवी पेठेतून कापलेल्या कापडाचे गठ्ठे येतात, मी घरीच मशीनवर शिवून डझनांनी परत पाठवते. रविवारी दोन्ही पोरं घरात. एक मशीनखाली शिरायचं, दुसरं खडूनं फरशीवर रेघा ओढायचं. असल्याच एका रविवारी मी बोलून गेले की मामा, न्या ह्यांना कुठंतरी, नाहीतर मी मशीन उचलून रस्त्यावर टाकते. मामांनी काठी घेतली, पाण्याची बाटली घेतली, धाकट्याला बोटाला धरलं आणि निघाले. दोन तासांनी आली तेव्हा पोरांच्या कपड्यांना कुसळं, गुडघ्यापर्यंत माती, आणि दोघं जेवून आठ वाजता झोपली. मी देवापुढं उदबत्ती लावली, खरं सांगते.

मग दर रविवार ठरला. शेजारी एक तेलुगू कुटुंब आहे, वडील टॉवेलच्या मागावर काम करतात. त्यांच्या दोन मुली यायला लागल्या. कोपऱ्यावरच्या घरातला एक जाडजूड मुलगा आला. पाच पोरं आणि एक म्हातारा. सुट्ट्यांत तर रोज.

मामांची चालायची रीत होती, आणि ती मेंढरांचीच होती, त्यात लपवालपवी नाही. सगळ्यात बारकं, सगळ्यात हळू चालणारं पुढं. बाकीच्यांनी त्याच्या मागं. लंगडं मेंढरू पुढं घातलं की खांड फुटत नाही म्हणायचे. खांड म्हणजे कळप. माझं धाकटं तेव्हा बोबडं बोलायचं आणि दर दहा पावलांना खाली बसून मुंगी बघायचं. मग सगळी वरात मुंगी बघायला थांबायची. मामा कधी 'चला चला' म्हणाले नाहीत. तहान लागायच्या आधी पाणी पाजायचे. हिवराच्या झाडाखाली एक थांबा, बिरोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडापाशी एक, ओढ्याकाठच्या लिंबाखाली शेवटचा. तिथं तरवडाची पिवळी फुलं तोडायची, पाण्यात खडे टाकायचे आणि परत फिरायचं.

आणि एक नियम होता, तो मुलं पाढ्यासारखा म्हणायची. मागं राहिलं की बसून घ्यायचं. रडायचं नाही, पळायचं नाही, वाट शोधायची नाही. बसायचं. आजोबा येतात.

मामा पोरांना नावानं हाक मारायचे नाहीत, खुणेनं मारायचे. मेंढरांना मारतात तशी. माझी मुलगी 'कुरळी', धाकटा 'बोबडं'. तेलुगू बहिणींत एकीचे पुढचे दात पडलेले म्हणून ती 'दातपडकी', दुसरी सारखी ओरडायची म्हणून 'टिटवी'. कोपऱ्यावरचा 'गोणी'. त्याच्या आईला कळलं तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण पोरगं मात्र शाळेतसुद्धा स्वतःला गोणी म्हणून सांगायचं.

मोजायचे मात्र नाहीत. हे मला पहिल्यापासून खटकायचं. मी दिवसभर मोजणारी बाई. बाह्या मोजते, बटणं मोजते, झोपतानासुद्धा आकडे मोजत झोपते. मामा म्हणायचे, जितराब मोजू नये, मोजलं की कमी होतं. तोंडं ओळखीची असली की नजरेला आपोआप कळतं कोण नाही ते. त्यांच्या तरुणपणी कसल्याशा योजनेसाठी कुणीतरी माणूस मेंढरं मोजायला आला होता. पंधरवड्यात रोग आला आणि निम्मी मेंढरं गेली. हे ते इतकं शांतपणे सांगायचे की हसूही यायचं नाही. मी म्हणायचे, मामा, रोग यायचाच होता. ते म्हणायचे, असंल.

त्या दिवाळीत भाऊबीजेला माझा भाऊ अकलूजहून आला. त्याची मुलगी चार वर्षांची. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, त्यामुळं घरात तिला जमिनीवर पाय टेकू देत नव्हते. आत्याकडं राहते म्हणून तिनं भोकाड पसरलं. वहिनीचं मन नव्हतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मीच छातीवर हात ठेवून सांगितलं की माझ्या पोरांपेक्षा जास्त जपीन. चार दिवसांसाठी ठेवली.

शनिवारी ती पहिल्यांदा मामांबरोबर माळावर गेली. संध्याकाळी माझ्या मुलीनं विचारलं, आजोबा, हिचं नाव काय ठेवायचं? मामांनी भाचीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, अजून खूण बसली न्हाय. बसंल.

रविवारी सगळी पोरं चारच्या सुमाराला गेली. एरवी साडेपाचला परत यायची. त्या दिवशी उजेड उतरायला लागला तेव्हा ओट्यासमोर गलका ऐकू आला. मी मशीन थांबवून बाहेर आले. सवयीनं मोजलं. पाच. पुन्हा मोजलं.

"मामा, भाची कुठाय?"

मामांनी वळून बघितलं. एकेकाच्या तोंडावरनं नजर फिरवली. कुरळी, बोबडं, दातपडकी, टिटवी, गोणी. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त माझं बोलणं कळत नाही असं काहीतरी.

"समदी हायत की," ते म्हणाले.

 मी अनवाणी पळाले. टाकी, माळ, हिवर. नवरा दुसऱ्या शिफ्टला होता. तेलुगू शेजाऱ्यानं गाडी काढली, पण गाडीवाटेत वाळू, ती फसली, मग तोही पळत आला. मी भाचीच्या नावानं हाका मारत होते आणि डोळ्यापुढं वहिनीचं तोंड. ओढ्याला पाणी किती होतं तेच आठवेना. मुलं त्यात खडे टाकतात एवढंच आठवत होतं.

भाची लिंबाखाली होती. मांडी घालून बसली होती. मांडीत तरवडाची फुलं, एकेक करून चप्पलच्या पट्ट्यात खोचत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही. आजोबांनी बसायला सांगितलंय, ते कुठं आहेत, असं विचारलं. मी तिला उचलून रडायला लागले तेव्हा ती घाबरली आणि मग तीही रडायला लागली.

परत येताना निम्म्या वाटेवर मामा भेटले. गुडघ्यांनी त्यांना तिथवरच आणलं होतं. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. भाचीला बघितलं, पुढं झाले, तिचे तळपाय हातात घेऊन काटा मोडलाय का बघायला लागले. कॉलनीतली सात-आठ माणसं गोळा झालेली. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. पोर मिळालं होतं, जीव भांड्यात पडला होता, आता बोलायचं काय? पण माझ्या जिभेला हाड नाही.

"मेंढरं नव्हेत ही, मामा," मी म्हणाले. "माणसांची लेकरं आहेत. मोजता येत नसेल तर नेऊ नका."

मामांनी भाचीचा पाय हळू सोडला. सगळे पुढं चालायला लागलो. मी एकदा मागं बघितलं तर ते बरंच अंतर राखून येत होते.

पुढच्या रविवारी चार वाजता पोरं ओट्यासमोर जमली. मामांनी त्यांना घरी जायला सांगितलं. गुडघा दुखतोय म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी तीनच पोरं आली. मग कुणी येईना. मामा ओट्यावर बसायचे, तेच, रस्ता बघत. काठी आत दाराच्या मागं ठेवलेली. मी आत मशीनवर. मला वाटायचं, उठावं आणि म्हणावं, झालं गेलं मामा, न्या पोरांना. दर रविवारी वाटायचं. मशीन चालू करायचे आणि आवाजात ते वाटणं बुडून जायचं. तोंड मीच टाकलं होतं, ते मीच उचलायला पाहिजे होतं. पण उचलायचं म्हटलं की जड.

एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही. आजपर्यंत नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

भाऊबीजेला मी भाचीला फ्रॉक शिवला होता. गणवेशाचं उरलेलं निळ्या चौकटीचं कापड होतं, त्याच कापडाचा माझ्या मुलीचाही फ्रॉक होता. त्या रविवारी मी हौसेनं दोघींना तेच घातले. केसही सारखे बांधले. दोघी आते-मामे बहिणी, पाठीमागनं उंचीचाच काय तो फरक. निघताना मामा दारात थांबले आणि म्हणाले, सूनबाई, दोघी एकसारक्या दिसत्यात की, हिला दुसरं काय तरी घाल. मी मान वर न करता म्हणाले, छान दिसतायत, जाऊ द्या आता. माझ्या हातात कॉलर होती. नवं मेंढरू खांडात सोडताना ते त्याला लाल रंगाचा पट्टा ओढायचे, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. ते खूण मागत होते. मी दिली नाही. आणि चारचौघांत त्यांना मोजायला शिकवलं.

हे मला आठ दिवसांनी कळलं, दोरीवरचे कपडे काढताना. दोन्ही फ्रॉक शेजारी शेजारी वाळत होते. भाचीचा राहून गेला होता. मी ते घडी करून कपाटात अगदी खाली सारले. मामा ओट्यावर होते, दहा पावलांवर. मी गेले नाही.

संक्रांत होऊन गेली असेल. शेतातल्या ज्वारीला कणसं धरली होती. शनिवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. ते कधी तिथं यायचे नाहीत, सून स्वयंपाक करताना आत बघू नये असली त्यांची रीत.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता मी मोजीन."

तव्यावरची भाकरी करपायला आली होती. मी ती उलटली. ज्या माणसानं जन्मात जितराब मोजलं नाही, मोजलं की कमी होतं असं ज्याला आतून वाटतं, तो माणूस आपली नातवंडं मोजायला तयार झाला होता. एवढं मोठं त्यांनी कधी कुणापाशी मागितलं नसेल. मला तेव्हाही कळलं होतं, कळलं नाही असं खोटं लिहिणार नाही.

"बघू, मामा," मी म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पोरांनासुद्धा माहीत आहे. मामा परत ओट्यावर गेले. उद्या हो म्हणू, असं मी मनात म्हटलं. उद्या गठ्ठा आला. मग परीक्षांचे दिवस आले, मग ऊन वाढलं, आणि उन्हात पोरं कुठं नेणार.

चैत्रात एका सकाळी मी चहा घेऊन त्यांना उठवायला गेले तर ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. मी मान हलवली. चहाचा कप बराच वेळ माझ्या हातात होता, तो कुणीतरी काढून घेतला.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. माझा नवरा हात जोडून म्हणत होता, पोरांचं नीट बघीन, घर नीट ठेवीन. मला ठाऊक होतं काय म्हणायला पाहिजे ते. इतक्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही. नको तेव्हा उघडतं ते तोंड. शेवटी दुपार झाली म्हणून दर्भाचा कावळा शिववला.

नंतर महिन्याभरानं मुलीची वेणी घालत होते. ती सहज म्हणाली, आजोबा आम्हाला मोजायचे. कधी? रोज. शाळेची गाडी यायची तेव्हा. आम्ही उतरलो की ओट्यावरनं बोटं धरून मोजायचे. आणि आई, रोज चुकायचे. आम्ही पाच आणि ते सहा म्हणायचे. मी सांगायचे, आजोबा, पाचच आहेत. तर म्हणायचे, अकलूजची धरून सहा. तिला इसरायचं न्हाय आता.

मी विचारलं, नाव ठेवलं होतं का त्यांनी तिचं? माझा हात वेणीतच होता.

हो की, ती म्हणाली. बसकी. आजोबा म्हणायचे, ती शाणी, बसली म्हणून घावली. बाकीची तुम्ही पळाला असता.

मी वेणी सोडून परत घातली. दोनदा.

ह्या दिवाळीला वर्षाच्या आत म्हणून आमच्या घरात फराळ नव्हता. भाऊ-वहिनी डबे घेऊन आले, भाचीही आली. आता पाच वर्षांची, अंगानं भरलेली. आल्या आल्या तिनं घरभर बघितलं आणि आजोबा कुठायत विचारलं. वहिनीनं मला डोळ्यांनी खुणावलं आणि गावाला गेलेत म्हणून सांगितलं. लहान पोरांना असंच सांगतात.

रविवारी चारला मी मशीनवर कापड टाकलं आणि उठले. दाराच्या मागची काठी घेतली. नवऱ्यानं विचारलं, कुठं? मी म्हटलं, पोरांना फिरवून आणते. त्यानं बाटलीत पाणी भरून दिलं. शेजारच्या दोघी आल्या. दातपडकीला आता दात आले होते. गोणीही आला. भाचीला नेऊ का, असं मी वहिनीला विचारलं. वहिनीनं माझ्या हातातली काठी बघितली आणि भाचीला चपला घातल्या. मी घरात जाऊन एक तांबडी रिबन आणली आणि भाचीच्या केसांना बांधली.

धाकट्याला पुढं घातलं. आता तो बोबडं बोलत नाही, पण मुंगी दिसली की अजून बसतो. आम्ही थांबलो. हिवराखाली पाणी प्यायलो. बिरोबापाशी मुलांनी दगडाला हात लावून कपाळाला लावला, कुणी न सांगता. मी प्रत्येक थांब्याला मोजत होते. सहा. पुन्हा सहा. गवत पिवळं पडायला लागलं होतं, माझ्या साडीला निऱ्यांपर्यंत कुसळं लागलेली. इतक्या वर्षांत ह्या वाटेवर मी फक्त एकदा आले होते, तेही पळत.

लिंबाखाली पोरांनी फुलं तोडली, खडे टाकले. ऊन उतरायला लागलं तसं मी म्हटलं, चला. पाच जण निघाले. भाची उठेना. मांडी घालून बसली होती, त्याच जागी, बुंध्याला पाठ लावून.

"उठ गं," मी म्हणाले.

"आजोबा आल्यावर," ती म्हणाली. "मागं राहिलं की बसून घ्यायचं. मग ते येतात."

माझी मुलगी माझ्याकडं बघायला लागली. तिला सगळं माहीत. बाकीची पोरंही वाटेवर थांबली. समजावून सांगायला माझ्याकडं शब्द होते की. आजोबा देवाघरी गेले, आता ते येणार नाहीत, एवढंच तर सांगायचं. पण मागच्या वेळीही ते आले नव्हते. मी आले होते. निम्म्या वाटेवर त्यांना उभं करून ठेवणारी मी होते, आणि नंतर पाच महिने ओट्यावर बसवून ठेवणारीही मीच. ते बसले होते. नियमाप्रमाणं बसले होते. न्यायला कुणी गेलं नाही.

 काठी बाजूला ठेवून मी भाचीशेजारी मातीतच बसले. मला रडू आलं ते पोरांपासून लपवलं नाही. तिनं मांडीतलं एक फूल काढून माझ्या चपलेच्या पट्ट्यात खोचलं. मग माझ्याकडं वर बघितलं.

"आत्या, तू पण मागं राहिलीस?"

"व्हय," मी म्हणाले. "मी पण."